साकवाचा अर्ज

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली तेव्हा माझे वडील, अण्णा, माझ्याशी भातकापणीबद्दल बोलत होते. त्याआधी ते गाडीच्या टायरांबद्दल, आंबा घाटातल्या वळणांबद्दल आणि कँटीनचा चहा पूर्वी कसा मिळायचा याबद्दल बोलून झाले होते. साल १९९८, दिवाळी तोंडावर आलेली. मी मराठी घेऊन बी.ए. झाले होते आणि कोल्हापूरच्या एका दैनिकाने मला शिकाऊ उपसंपादक म्हणून बोलावलं होतं. काही महिने काम बघणार, मग कायम करणार किंवा घरी पाठवणार, अशी बोली होती. आई स्टँडवर आली नव्हती. तिने घरीच सांगून टाकलं होतं, "तिकडे जेवणात नारळ नसेल. नावं ठेवू नको."

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली तसे अण्णा खिडकीबरोबर चालू लागले आणि म्हणाले, "नाही जमलं तर परत ये. पण जमव."

सकाळपासून त्यांना एवढंच सांगायचं होतं.

आमच्याकडे बोलायची रीत ही अशी. मालगुंडच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव. तिथे कोणाकडे काम घेऊन गेलं तर दारात काम सांगत नाहीत. आधी मोहोर कसा आहे ते विचारायचं, गाय व्याली का ते विचारायचं, चहा घ्यायचा, निघतो म्हणायचं. घरचा माणूस बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, पोचवायला येतो. एक पाय बेड्याबाहेर पडला की पाहुणा म्हणतो, "अरे हो, एक राहिलंच." जे राहिलेलं असतं तेच काम असतं. हे दोघांनाही पहिल्यापासून माहीत असतं, म्हणून कोणाचं अडत नाही. ऐकणारा बेड्यापर्यंत येतो, यावर सगळी रीत उभी आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी जे कोकणात, गावातच राहिलात त्यांना हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. जे माझ्यासारखे घाट चढून गेलात, त्यांना ही रीत कधी ना कधी नडली असेल. मला ती पहिल्या महिन्यातच नडली.

शहरातल्या एका पेठेचं पाणी दुसऱ्या दिवशी बंद राहणार होतं. बातमी माझ्याकडे आली. मी ती मन लावून लिहिली. ज्या तळ्यातून पाणी येतं त्याच्या इतिहासापासून सुरुवात केली, मग नळ कसे आले, मग जलवाहिनी कशी जुनी झाली, आणि शेवटच्या वाक्यात उद्या पाणी येणार नाही. त्या वेळी पानं टेबलावर चिकटवून लावत. मजकुराच्या छापील पट्ट्या यायच्या आणि जागा कमी पडली की पेस्टिंगवाला ब्लेडने पट्टी खालून कापायचा. ऐनवेळी जाहिरात आली, पट्टी कापली गेली. सकाळी पेपरात तळ्याचा इतिहास होता.

फोन सुरू झाले. पहिला मीच उचलला. एक बाई होत्या. "तळ्याची गोष्ट लई झ्याक लिवलीय ओ. आता त्यातलं पाणी तेवढं आणून द्या."

वृत्तसंपादक माने. ते ओरडतील अशी मी मनाची तयारी केली होती. ते ओरडले नाहीत. त्यांनी माझी मूळ कॉपी मागवली, टेबलावर ठेवली आणि पहिल्या ओळीखालचा सगळा मजकूर पंजाने झाकला.

"वाच."

मी वाचलं.

"कळलं काय, उद्या पाणी न्हाई ते?"

"नाही."

"बातमी कुठाय ह्यात, कोकण?" मी रुजू झाल्यापासून ते मला याच नावाने हाक मारत. "शोधायला माणूस लावू?"

मी म्हटलं की शेवटी आहे. ते म्हणाले, "शेवटापत्तर कोण येतंय बाई? वाचणाऱ्याचं दूध उतू जातंय, पोराची रिक्षा आलीया. तुला त्यानं एक ओळ दिली. तेवढ्यात सांग."

आमच्याकडे ऐकणारा बेड्यापर्यंत येतो. इथे वाचणारा दारातूनच परत फिरत होता. हे मला त्या दिवशी समजलं, पण समजणं वेगळं, हाताला वळण लागणं वेगळं. पुढचे कितीतरी आठवडे मी कॉपी लिहिली की स्वतःच पंजा ठेवून बघायची. पंजा हळूहळू वर सरकला, पहिल्या ओळीपर्यंत.

मान्यांनी कधी व्याख्यान दिलं नाही. ते कॉपीवर लाल पेनने प्रश्न लिहायचे. बातमीदाराने "रस्ता खोदण्यात आला" असं पाठवलेलं असलं की समासात "कोणी?" असं यायचं. मग बातमीदाराला फोन करायचा आणि खोदणाऱ्याचं नाव मिळवायचं. बऱ्याचदा नाव मिळालं की कळायचं, खरी बातमी त्या नावातच होती. "भीषण पूर" लिहिलं की ते "भीषण" खोडायचे. "पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागलं ते सांग. भीषण हाय का न्हाई ते लोक ठरवतील." नदीकाठच्या बातमीत मी एकदा "पलीकडच्या वस्तीत" असं लिहिलं. त्यावर त्यांनी लिहिलं, "कशाच्या पलीकडच्या? मी तुझ्या गावचा न्हाई." हे शेवटचं मी जपून ठेवलं. गावात वाढलेला माणूस पलीकडे, वरच्या अंगाला, खालच्या आगरात असं बोलतो, कारण ऐकणाऱ्याने ते नारळीचं आगर पाहिलेलं असतं. छापलेलं वाचणाऱ्याने काहीच पाहिलेलं नसतं. त्याला अडाणी समजायचं नाही आणि गाववालाही समजायचं नाही.

उपयोगी नसलेला एकही शब्द ठेवायचा नाही, असा मी हट्ट धरला. लिहिलेलं मोठ्याने वाचायचं आणि जिथे श्वास अडेल तिथे वाक्य तोडायचं. सकाळी पाणी भरताना आदल्या दिवसाचा अग्रलेख मनात अर्धा करून बघायचा. खोलीवर राहणाऱ्या मुली हसायच्या. त्या सांगलीच्या, कराडच्या. माझ्या हेलावर त्यांचा खेळ चालायचा, "काय गो, जेवलंस का गो?" मीही नंतर "लई" म्हणायला लागले. तांबड्या रश्शाला सरावले. नारळ नव्हताच, नावं ठेवली नाहीत.

मला कायम केलं. मी ते घरी फोन करून सांगितलं तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगितलं. आई म्हणाली, "अगो, आधी बरी आहेस का ते तरी सांग."

पुढच्या वर्षांत हे वाढत गेलं. सुट्टीत गेले की मी दारातच सांगायची, सोमवारी परत निघायचंय, हे काम आहे, ते काम आहे. आई शेजारणींना सांगायची, "घाटावरची झाली अगदी. चहा व्हायच्या आत बोलून मोकळी." अण्णा प्राथमिक शाळेचे मास्तर, तेव्हा निवृत्त झालेले, आणि गावाचे अर्ज लिहिणारे. कोणालाही कचेरीत काही पाठवायचं असलं की तो अण्णांकडे यायचा. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि भाषा भारदस्त. गावाला त्या भाषेचा अभिमान होता. मलाही लहानपणी होता. मी मराठी घेतलं ते त्यांच्यामुळेच.

२००२ च्या मे महिन्यात मी आठवडाभर घरी गेले होते. अण्णा ओटीवर साकवाचा अर्ज लिहीत बसले होते.

आमचं गाव एका पऱ्याने, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याने, दोन भागांत तोडलेलं आहे. खालच्या वाडीत शाळा, दुकान, एसटीचा थांबा. वरच्या वाडीत थोडीच घरं. पऱ्यावर गावाने माडाचा ओंडका टाकलेला असायचा. मोठा पूर आला की तो वाहून जायचा, मग दुसरा टाकायचे. पायी जाण्यापुरता पक्का साकव, म्हणजे छोटा पूल, बांधून मिळावा म्हणून अण्णा वर्षानुवर्षं अर्ज करत होते. अर्जाची पोच मिळायची. साकव मिळत नव्हता.

त्या वर्षी घाई होती. आदल्या जुलैत अण्णांची चुलत बहीण गंगूआत्या त्या ओंडक्यावरून पऱ्यात पडली होती. मांडीचं हाड मोडलं. खुर्चीला बांबू बांधून तिला उतरवावं लागलं, तेही पाणी ओसरल्यावर. आता ती काठी घेऊन चालत होती, पण ओंडक्यावर पाय टाकणं तिला शक्य नव्हतं. तिचा मुलगा डोंबिवलीला. त्याने निक्षून सांगितलं होतं, साकव झाला तर ठीक, नाहीतर आई कायमची माझ्याकडे येईल आणि घराला कुलूप लागेल. आत्याचा जन्म वरच्या वाडीत गेलेला. ती कोणाला काही म्हणत नव्हती. फक्त त्या वर्षी तिने मिरचीची रोपं लावली नव्हती.

मी अण्णांचा अर्ज वाचला. पहिल्या परिच्छेदात ग्रामदेवता होती. दुसऱ्यात गावाची परंपरा आणि निसर्गाने केलेली मुक्तहस्त उधळण. तिसऱ्यात मायबाप सरकारची थोरवी. मागच्या पानावर, शेवटून दुसऱ्या वाक्यात, "तरी सदर पऱ्यावर साकव व्हावा ही विनंती." आत्याबद्दल एवढंच होतं: "गतवर्षी दुर्दैवाने पाय घसरून एक अनिष्ट प्रसंग ओढवला."

मी पहिल्या ओळीखाली पंजा ठेवला. विचार करून नव्हे, सवयीने.

"काय बघतेस?" अण्णांनी विचारलं.

"साकव दिसत नाही."

"मागच्या पानावर आहे."

"मागचं पान उलटलंच नाही तर?"

अण्णांनी चष्मा काढला. "दारात पाय ठेवल्या ठेवल्या मागायचं? भिकारीसुद्धा आधी देवाचं नाव घेतो, नीला."

"आपण भीक मागत नाही, अण्णा."

ते उठून आत गेले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं समाधान? आता जेवायलाही बसायचे नाहीत." जेवायला ते बसले. दुपारी मी पुन्हा ओटीवर गेले आणि मान्यांनी बातमीदाराला विचारावेत तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली. मागच्या अर्जानंतर कोणी बघायला आलं होतं का? आले होते, एक साहेब. कधी? मे महिन्यात. काय बघितलं त्यांनी?

"आंबे खाल्ले," अण्णा म्हणाले. "मग पऱ्यावर नेलं मी त्यांना. कोरडाच होता. ते दगडांवरून चालत पलीकडे गेले आणि परत आले. म्हणाले, मास्तर, इथे पूल कशाला?"

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"पाहुणा माणूस. काय सांगणार?"

मग अण्णाच म्हणाले, "जुलैत बोलवायला हवं होतं." हे वाक्य कोणत्याही अर्जात नव्हतं. गावातल्या सगळ्यांना पऱ्या जुलैत कसा असतो ते माहीत होतं, त्यामुळे ते लिहायचं असतं हे कोणाला सुचलं नव्हतं.

राहिली आत्या. "अनिष्ट प्रसंग" कोणाचा पाय मोडत नाही. तिचं नाव हवं होतं, आणि ते तिला विचारल्याशिवाय घालायचं नव्हतं. संध्याकाळी मी कोरड्या पऱ्यातून वर गेले. ती अंगणात आमसुलं उलटत होती. उभ्याने, काठी भिंतीला टेकवून.

"आलंस गो? बस. चाय टाकत्ये."

"आत्या, अर्जात तुझं नाव घालू?"

"घाटावरची ती घाटावरचीच," ती म्हणाली. "बस म्हटलं तर अर्ज." चहा झाल्यावर तिने उत्तर दिलं. "नाव नको घालूस. सरकारच्या कागदात नाव गेलं म्हणजे माणूस एक तर मेला नायतर कोर्टात चढला."

"मग त्यांना कळणार कसं?"

"अण्णाने लिवलंय ना?"

"पाय घसरून अनिष्ट प्रसंग, असं लिहिलंय."

आत्याच्या हातातलं आमसूल तसंच राहिलं. "घसरून? कोण घसरलं? मी?" तिने काठी उचलली आणि पऱ्याच्या दिशेने रोखली. "जन्मभर त्या ओंडक्यावरनं डोक्यावर भारा घेऊन गेल्ये. घसरल्ये नाय मी. ओंडका फिरला. एका बाजूची माती गेली होती, मधे आल्ये नि पायाखाली फिरला तो. आता म्हातारी घसरली म्हणून सांगत फिरताय गावभर?"

वर्षभर गाव तेच म्हणत होतं. मला आलेल्या पत्रांत, फोनवर, सगळीकडे तेच होतं. पाय घसरला तर दोष पायाचा, आणि पायाला साकव लागत नाही, डोंबिवली लागते. ओंडका फिरला तर दोष ओंडक्याचा. आत्याला कोणी विचारलंच नव्हतं. पडलेल्या माणसाला कसा पडलास असं विचारणं आमच्याकडे बरं दिसत नाही.

"हे लिहू?" मी विचारलं.

तिने बराच वेळ आमसुलं उलटली. "लिव. पण गंगाबाई लिव, गंगू नको. नि बिचारी लिवू नको."

"बिचारी आमच्या पेपरात खोडतातच, आत्या."

"मग बरे आहेत तुमचे घाटी."

दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा बसलो. मी सांगायची, ते खोडायचे. ते सांगायचे, मी खोडायची. ग्रामदेवतेवर सर्वांत जास्त वेळ गेला. शेवटी अण्णाच म्हणाले, "तिला साकवाची गरज नाही, काढ." जे उरलं ते असं होतं:

"आमच्या गावी वरच्या वाडीच्या वाटेवरील ओढ्यावर साकव हवा आहे. पावसाळ्यात वरच्या वाडीला दुसरी वाट नाही. सध्या ओढ्यावर माडाचा ओंडका टाकलेला आहे. गेल्या जुलैत गंगाबाई त्यावरून जात असताना ओंडका फिरला, त्या खाली पडल्या व त्यांच्या मांडीचे हाड मोडले. पाणी ओसरेपर्यंत त्यांना दवाखान्यात नेता आले नाही. उन्हाळ्यात हा ओढा कोरडा असतो व साकवाची गरज दिसत नाही. म्हणून पाहणी जुलै महिन्यात करावी."

अण्णांनी ते आपल्या अक्षरात उतरून काढलं. कागदाचा निम्मा भाग कोरा राहिला. तो कोरा भाग त्यांना सहन होत नव्हता, हे दिसत होतं. त्यांनी पेन वर धरलं, थांबले, आणि फक्त "आपला नम्र" लिहून सही केली. ते मी खोडलं नाही.

जुलैत मी कोल्हापुरात होते. पंचगंगेला पूर होता, आम्ही पायऱ्या मोजत होतो. गावात काय झालं ते आईने फोनवर सांगितलं. रेनकोट घातलेला एक तरुण इंजिनिअर आला. अण्णा छत्री घेऊन त्याच्याबरोबर गेले. ओंडका आदल्या आठवड्यात वाहून गेला होता. इंजिनिअर काठावर उभा राहिला. पाण्याच्या आवाजात त्याला ओरडावं लागलं, "पलीकडे जायचं कसं, गुरुजी?"

"तेच लिहिलंय, साहेब!" अण्णाही ओरडले. "पहिल्या ओळीत!"

चहासुद्धा विचारला नाही गो यांनी त्याला, आईची तक्रार एवढीच होती.

साकव त्या वर्षी झाला नाही. होणार नव्हताच. आत्या तो पावसाळा डोंबिवलीला राहिली, आणि तिथून तिने अण्णांना निरोप पाठवला की इथे माणसं दार उघडण्याआधी भोकातून बघतात. दिवाळीनंतर मंजुरी आली. खडी पडली, ती तशीच राहिली. अण्णांनी पुन्हा अर्ज केला, अर्ध्या पानाचा. पुन्हा एक, त्याहून लहान. या वेळी मला विचारलं नाही. वर्षानुवर्षं मागत आलेला माणूस आता बेड्यापर्यंत थांबायला तयार नव्हता. २००३ च्या पावसाच्या तोंडावर साकव पुरा झाला. आत्या कुलूप काढायला आली.

गावातल्या सगळ्यांना हे पटलं असं नाही. काहींचं म्हणणं, मास्तरांची भाषा गेली, मुलीने बिघडवली. त्यांचं अगदी चुकतं असंही मी म्हणणार नाही. काहीतरी गेलं आहे. मी स्वतः आता दारातच बोलून मोकळी होते आणि लोक चहा न देता परत पाठवतात. कोल्हापुरात माझं घर आहे, संसार आहे. मुलगी "लई" म्हणते आणि तिला आमसूल आंबट लागतं. जे गेलेत त्यांना हे सांगायला नको. जे राहिलेत त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की दूर गेलेला माणूस गावाला सरळ बोलायला शिकवतो तेव्हा त्याला ते फुकट मिळालेलं नसतं.

साकव झाला त्या वर्षीच्या जुलैत एका दुपारी अण्णांचा फोन आला. डेस्कवर गडबड होती, फोनमध्ये पावसाचा आवाज होता. मी विचारलं, काय झालं?

"काही नाही," अण्णा म्हणाले. "गंगू आली होती. चहा प्याली. वर गेली."

आणि फोन ठेवला.

घर म्हणजे काय, असं इथे कोणी विचारलं तर वर्णन करायची माझी सवय मोडली आहे. मी एवढंच सांगते: रत्नागिरी जिल्ह्यात एक गाव आहे. गावातून एक ओढा जातो. तो जुलैत भरून वाहतो, आणि माणसं येतात-जातात.